पुढची फळी

म्हशीला पाण्यात लोटायचा दिवस उजाडला आणि थोरली पहाटेपासून धक्क्यावर खेपा घालत होती.

म्हैस म्हणजे बोट. सासऱ्यांनी ती घेतली त्या दिवसापासून घरात तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. कोरडी असली की पाण्यात शिरायला तयार नाही, आणि शिरली की बाहेर यायला तयार नाही. मग म्हैस नाही तर काय हरिणी म्हणायचं? थोरलीचा नवरा, थोरला, गेल्यापासून ती शिवणखोलीच्या मागे पालथी पडून होती. इंजिन पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं, आणि त्या कोपऱ्याकडे थोरली बघायचीसुद्धा नाही.

बघायची वेळ आली ती आक्कांमुळे. आक्का म्हणजे थोरलीची नणंद, दोन्ही भावांहून मोठी. सासूबाई गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी फोनवरच निवाडा दिला होता. "तुला तिथंच राहायचंय ना? राहा. पण पाणी ओलांडून जाणं आणि येणं तुला एकटीला जमलं पाहिजे. जमलं तर आम्ही कुणी तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर घराला कुलूप आणि तू धाकट्याकडे. मग रडगाणं नको."

यात आक्कांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तेच तर दुखणं होतं. घर पाण्याच्या या काठाला, एकटं. दवाखाना, बाजार, ताडपत्र्यांची गिऱ्हाइकं, झाडून सगळं त्या काठाला. डोंगरावरून येणारा रस्ता दरडीखाली गेला तो गेलाच. भाड्याची बोट तिकडून बोलवायची; बोटवाला "निघालोच" म्हणायचा आणि आला तर आला.

आज मात्र तो वेळेवर आला, कारण बोटीत आक्का होत्या.

"पाय जपून टाका, फळी ओली आहे," थोरली धक्क्यावरून म्हणाली.

आधी भाऊजी, म्हणजे धाकटा दीर, उतरले. आता या घराण्यातला इथं हा एकच पुरुष उरला होता आणि तो सगळ्यांची काळजी घ्यायची म्हणून घ्यायचा, मग समोरच्याला ती हवी असो वा नसो. त्यांच्यामागून आक्का, आणि शेवटी धाकटी, म्हणजे त्यांची बायको, थोरलीची जाऊ. वाटणीच्या वेळी मोठं शिवणयंत्र कुणाकडे राहणार यावरून दोघींत जे झालं, त्यानंतर बोलणं असं उरलंच नव्हतं.

"बऱ्या आहात ताई?"

"बरी आहे. तू?"

"बरी."

झालं, संपलं.

भाऊजींची नजर धक्क्याला बांधलेल्या म्हशीवर गेली. मागच्या पाटाला इंजिन लटकत होतं, घासूनपुसून. "चालतं हे?"

"चालतं तर."

"दुरुस्त कुणी केलं?"

"मिस्त्रीने. आणि मी."

"तो पलीकडचा स्कूटरवाला? वा! म्हणजे आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा!"

"पोचतात ते दोघं, म्हणून तर म्हण पडली," आक्का म्हणाल्या. "चल, चहा टाक आधी."

मिस्त्री स्कूटरचाच होता हे खरं. त्याच्या दुकानापुढच्या छपराची ताडपत्री थोरलीने नवी शिवून दिली, त्या बदल्यात तो कुरकुरत आला होता. पाण्याला तो असा भ्यायचा की धक्क्यावरसुद्धा मधोमध चालायचा. पण हात चांगला. झाकण काढलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला. पेट्रोल वाळून डिंकासारखं चिकटलेलं. थोरलीने एकेक बारीक भोक शिवणाच्या तारेने मोकळं केलं. पाणी खेचणाऱ्या पंपाच्या रबरी पात्या बिस्किटासारख्या मोडल्या, त्या बदलल्या. ओढायची दोरी कुजली होती, तिला नवी जोडायचं काम मात्र मिस्त्रीला जमेना. ते थोरलीने मेणाच्या दोऱ्याने असं केलं की सांधा बोटाला लागू नये.

आणि मग मिस्त्रीने सहज विचारलं, "काकू, तांबडी दोरी कुठाय?"

"कसली तांबडी दोरी?"

"ही इथं खिट्टी बसते ना, तिची. चालवणाऱ्याच्या मनगटाला असते. माणूस पाण्यात पडला की खिट्टी निसटते, इंजिन बंद. ती नसली तर कितीही ओढा, चालू व्हायचंच नाही."

थोरली घरात गेली. कपाटात थोरल्याची पँट होती, त्या दिवशीची, धुवायची राहिलेली. खिशात तांबडी दोरी होती.

त्या दुपारी थोरला जेवणानंतर छाती धरून खाली बसला तेव्हा ती धावत धक्क्यावर आली होती आणि दोरी ओढत राहिली होती. तळहात सोलून निघाले, इंजिन हूं की चूं करेना. शेवटी ओरडून ओरडून दूरचा एक कोळी वळला, तोवर सगळं आटोपलं होतं. वर्षभर तिला वाटत होतं, आपल्या हातात जोर नव्हता. जोर होता. खिट्टी त्यांच्या खिशात होती, आणि ती काय असते हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. कपाटाचं दार धरून ती ढसाढसा रडली. बाहेर मिस्त्री हाका मारत होता, पाना सापडत नव्हता त्याला.

आणि का नाही सांगितलं, तर तिचं काम ते नव्हतंच. थोरला मागे इंजिनापाशी, थोरली पुढच्या फळीवर. लग्न झाल्यापासून हीच बसायची रीत. निघताना तो दर वेळी बजावायचा, "हलू नकोस." आणि ती दर वेळी फणकाऱ्याने म्हणायची, "मी काय पोतं आहे?" एकदा तिने सुकाणू मागितलं होतं. "तुझं काम बसायचं," तो म्हणाला होता. तो हसत म्हणाला होता, पण तिला ते लागलं होतं. सामानात जमा केलं मला, असं ती कितीतरी दिवस मनाशी म्हणत राहिली.

चहा शिवणखोलीतच झाला. लांब टेबलावर अर्धवट शिवलेली ताडपत्री, तिच्यावर पितळी कड्यांची वाटी, मेणाचा गोळा. भाऊजींनी कप ठेवायला जागा शोधली.

"वहिनी, स्पष्ट बोलू? मला या परीक्षेतच राम दिसत नाही. खोली तयार केलीय. खिडकी आहे, ऊन येतं. हे यंत्रही तिकडे नेऊ."

यंत्र म्हटल्यावर धाकटीने मान खाली घातली.

"तुमच्या मनात वाईट नाही, भाऊजी," थोरली म्हणाली. "पण तिथे मी काय करू? खिडकीत बसू?"

"बसलात तर काय बिघडलं?"

"आयुष्यभर बसलेच आहे मी."

"पुरे," आक्का म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला धक्क्यावर."

टाकीच्या झाकणावरची हवेची चकती तिने सैल केली. रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. खिट्टी बसवली, तांबडी दोरी मनगटाला अडकवली. दोन-चार हिसक्यांत इंजिन खोकलं, धुराचा लोट आला आणि ते धडधडायला लागलं. बाजूने पाण्याची बारीक धार पडू लागली, म्हणजे पंप ठीक. आक्कांनी भुवया वर केल्या. भाऊजींचा चेहरा पडलाच थोडासा.

धक्का मागे गेला. थोरलीने जोर वाढवला आणि म्हशीने तोंड वर केलं.

थोडंथोडकं नाही, पुरतं आभाळाकडे. मागचा भाग पाण्यात बसला आणि समोर नुसती लाकडाची भिंत उभी राहिली. पलीकडचा काठ दिसेना, पाणी दिसेना. वर आलेल्या तोंडाला वाऱ्याने धरलं आणि बोट कडेला फिरवली. मिस्त्रीबरोबर असं एकदाही झालं नव्हतं! ती उठून बघायला गेली तशी बोट कलंडली, ती गुडघ्यावर आपटली, आणि खांब पुढ्यात आला. पाणवाटेची खूण म्हणून रोवलेला तो जुना खांब. तिने हिसका देऊन तांबडी दोरी ओढली. इंजिन गप्प झालं. बोट खांबाला घासून गेली, आणि वाऱ्याने तिला काठच्या गवतात नेऊन कोंबलं.

वल्हं मारत ती परत आली. अंतर जेमतेम हाकेएवढं, पण ते संपता संपेना.

"इंजिनात काहीतरी राहिलंय," ती म्हणाली. "त्याचा कल धरणारी पिन बदलून बघते."

"वहिनी, पुरे."

"एकदा बघू द्या भाऊजी."

"अहो, काय बघायचंय?" भाऊजींचा आवाज चढला. "दादा आत पडला होता आणि तुम्ही इथं दोरी ओढत होतात! तेच परत व्हायचंय का? आता तुम्ही पडाल, आणि दोरी ओढायलासुद्धा कुणी नसेल!"

बोलून गेले आणि तेच दोन पावलं मागे सरले. आक्का पाण्याकडे बघत राहिल्या. थोरलीला वाटलं, आत्ताच्या आत्ता म्हणावं, चला, घ्या ते यंत्र, लावा कुलूप. शब्द जिभेवर आलेही.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुम्ही पुढे बसायचात ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आम्ही पलीकडच्या धक्क्यावर वाट बघत उभे असायचो तेव्हा आधी तुमचं तोंड दिसायचं. तुम्ही नेहमी रागावलेल्या असायचात. मग मागे दादा." तिने चपला काढल्या. "आता पुढे कुणी नाही, म्हणून वर करतेय ती तोंड. मिस्त्री कुठे बसायचा?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे मिस्त्री आला: पुढच्या फळीवर, दोन्ही हातांनी कड धरून, घाबऱ्या आवाजात "डावीकडे, काकू, डावीकडे" म्हणत. एवढी दुरुस्ती केली, एकेक भोक मोकळं केलं, पण स्वतःची जागा रिकामी आहे हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तू बसणार?" भाऊजींनी बायकोला विचारलं. "तुला पोहता येत नाही!"

"ताईंना तरी कुठं येतं?" म्हणत ती उतरलीसुद्धा.

या खेपेला म्हैस अशी सरळ निघाली की जणू मघाशी काही झालंच नव्हतं. पाणी दोन्ही बाजूंनी नीट फाकत होतं, समोरचा काठ स्वच्छ दिसत होता. खांब बाजूला राहिला. मधोमध आल्यावर थोरलीने जोर कमी केला, म्हणजे ऐकू येईल.

"बसायचं काम होतं खरंच," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. हे म्हणायचे, तुझं काम बसायचं. मला वाटायचं, मला खिजवतात."

"खिजवत असतीलही," धाकटी मागे न बघता म्हणाली. "पण खोटं नव्हते बोलत." मग म्हणाली, "ताई, हे तुमच्यामागे एवढे का लागलेत, माहितीय? मुलगा गेला परदेशी. आमच्या घरात आता दोन माणसं आणि टीव्ही. हे बातम्या बघतात, मी भांडी आवरते. तुम्ही आलात तर निदान भांडायला कुणी मिळेल."

थोरलीला हसू आलं. "मग मला इकडेच ठेवायला का निघालीस?"

"मला खूप वाटतं तुम्ही यावं." धाकटीने कड घट्ट धरली. "पण येऊ नका. खिडकीत बसवतील तुम्हाला. मी बसलेय, मला माहितीय."

परत आल्यावर भाऊजींनी हात देऊन दोघींना वर घेतलं. बोलल्या आक्का.

"छान झालं. पण दोघी होतात."

"अगं आक्का—" भाऊजींच्याच तोंडून निघालं, आणि त्यांनी जीभ चावली.

"एकटीने, असं ठरलं होतं. ही काय रोज येऊन फळीवर बसणार आहे?"

थोरली तडक शिवणखोलीत गेली. सगळ्यात जाड कापड टेबलावर पसरलं, तळहाताला चामड्याचा पट्टा बांधला. धाकटी मागोमाग आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने न विचारता कापडाचं दुसरं टोक धरलं. मोठं यंत्र घरघरू लागलं. ज्या यंत्रावरून दोघी वर्षभर अबोल होत्या, त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोघींनी एक लांबट पिशवी शिवली: दुहेरी शिवण, तोंडाला पितळी कडी, दोन्हीकडे पट्टे.

वाळू भरायचं काम भाऊजींकडे आलं. "किती भरू?"

"ताईंएवढी," धाकटी म्हणाली.

मग अंगणात ओंडक्यावर फळी टाकली. एका टोकाला थोरली बसली, दुसऱ्या टोकाला पिशवी, आणि भाऊजी फावड्याने वाळू ओतत राहिले. थोरलीचं टोक काही उठेना.

"वहिनी, वर्षभर एकटं राहून माणूस वाळतो म्हणतात."

"तुम्ही हात चालवा."

"अजून? अहो, काठ संपेल इथला!"

आक्का खुर्चीत बसून डोळ्यांना पाणी येईतो हसल्या. शेवटी फळी हलली, थोरलीचे पाय जमिनीवरून सुटले आणि ती अधांतरी राहिली, समोर तिच्या वजनाची पिशवी. त्या घरात वर्षभरानंतर पहिल्यांदा एवढे मोठे आवाज झाले होते. आता ही सगळी जातील, असं मनात आलं आणि तिला ती फळी उतरूच नये असं वाटलं.

उन्हं उतरायला लागली होती. "आम्हाला पलीकडे सोड," आक्का म्हणाल्या. "तिथून एकटी परत जा. आम्ही धक्क्यावर उभे राहतो. पोचलीस की पांढरं कापड लाव वर. कापड दिसलं की आमचं बोलणं संपलं."

जाताना पिशवी बोटीच्या तळाला होती आणि माणसं फळ्यांवर. पलीकडे उतरल्यावर आक्कांनी थोरलीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हट्टी आहेस. तोही असाच होता." धाकटीने नुसता हात दाबला. भाऊजी मात्र परत बोटीत उतरले. पिशवी ओढत त्यांनी पुढच्या फळीवर ठेवली, पट्टे आवळले, मधोमध आहे की नाही ते लांबून बघितलं, पुन्हा बोटभर सरकवली.

"मघाशी बोललो ते..."

"खिट्टी यांच्या खिशात होती, भाऊजी," थोरली म्हणाली. "मला आत्ता कळलं. ती लावल्याशिवाय चालूच होत नाही."

भाऊजी तिच्या मनगटावरच्या तांबड्या दोरीकडे बघत राहिले. त्यांना समजलं. त्यांनी वाकून तिच्या पायाशी पडलेलं वल्हं सरळ करून ठेवलं, आणि धक्क्यावर चढले.

परतीच्या वाटेवर ती चुकली नाही. वारा बाजूने होता, तिने तोंड थोडं वाऱ्यात ठेवलं. खांब डावीकडे राहिला. एकदा मागे वळून बघितलं तर तिघं ओळीने उभी होती. नंतर वळून बघायचं तिने टाळलं.

धक्क्याला बोट बांधून तिने पांढरं कापड काठीला लावून उंच केलं. पलीकडून तीन हात हलले. बराच वेळ हलत होते. मग गाडीचे दिवे लागले, वळले, घरांमागे गेले. जिंकली होती ती. घर राहिलं, यंत्र राहिलं, म्हैस राहिली. आता चहा टाकला तर एकच कप लागणार होता.

आत जावंसं वाटेना, म्हणून ती पुन्हा बोटीत उतरली आणि मागे, इंजिनापाशी, त्यांच्या जागेवर बसली. इथून त्यांना एवढी वर्षं काय दिसत असेल, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. पाणी दिसत होतं, काठ दिसत होता, आणि या सगळ्याच्या मधोमध पुढच्या फळीवर बसलेली पाठ. एकही खेप अशी गेली नसेल की त्यांनी ती पाठ बघितली नसेल.

लाटेने बोट डुलली, तशी पिशवी किंचित सरकली.

"हलू नकोस," थोरली म्हणाली.

तिने वाट बघितली. पाणी बोटीच्या पोटाला लागत होतं, दुसरा आवाज नव्हता. मग तिनेच, पुढच्या फळीकडे बघत, होता तेवढा फणकारा आणून म्हटलं,

"मी काय पोतं आहे?"